खुलं पत्र: कंपन्यांनो, माल नीट द्या, मतं आमची आम्ही बघतो

मोठमोठ्या कंपन्यांचे सीईओ, ब्रँड मॅनेजर आणि मार्केटिंगची सगळी मंडळी,

नमस्कार.

मी तुमची ग्राहक आहे. कुठल्या एका कंपनीची नाही, तुम्हा सगळ्यांचीच थोडी थोडी. घरात साबणापासून फोनपर्यंत जे काही आहे ते तुमच्यातल्याच कुणीतरी बनवलेलं आहे, म्हणून हे पत्र कुणा एकाच्या नावाने लिहीत नाहीये. सरळ मुद्द्यावर येते. वंशभेद, स्त्री-पुरुष समानता, समलिंगी आणि ट्रान्स लोकांचे हक्क, धर्म, कुठे चालू असलेलं युद्ध, अशा प्रश्नांवर कंपनी म्हणून जाहीर भूमिका घेणं तुम्ही बंद करा, एवढीच माझी मागणी आहे.

हे वाचून लगेच मला कुठल्यातरी गटात टाकू नका. यातल्या बऱ्याच प्रश्नांवर माझी मतं ठाम आहेत आणि खूपदा तर तुमच्या जाहिरातीत जे म्हटलेलं असतं तेच माझंही मत असतं. तरीही ते मला तुमच्याकडून ऐकायचं नाहीये. उलट जिथे आपलं पटतं तिथे मला जास्त त्रास होतो, कारण जी गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते ती तुमच्या मार्केटिंगच्या हातात गेली की तिचे काय हाल होतात ते मी गेली काही वर्षं बघतेय.

स्टारबक्सचंच बघा. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेत त्यांचे तेव्हाचे सीईओ हॉवर्ड शुल्ट्झ यांनी ठरवलं की वंशभेदावर देशात मोकळेपणी बोलणं व्हायला हवं, आणि ते सुरू कुणी करायचं तर काउंटरमागे कॉफी बनवणाऱ्या पोरापोरींनी, कपावर 'रेस टुगेदर' (वंशाबद्दल एकत्र बोलू, अशा अर्थाचं) असं लिहून. विचार करा जरा, सकाळची गर्दी, मागे माणसं खोळंबलेली, तासावर पगार घेणारी एखादी मुलगी, आणि तिने समोरच्या अनोळखी माणसाशी शेकडो वर्षांच्या जखमेबद्दल बोलणं काढायचं, दूध गरम होईपर्यंत. लोकांनी एवढं झोडपलं की आठवड्याभरात कपावर लिहिणं थांबलं. तिथे संपलं असतं तर मी हे उदाहरण दिलंही नसतं. पण तीन वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, याच कंपनीच्या फिलाडेल्फियातल्या दुकानात दोन कृष्णवर्णीय माणसं कुणाची तरी वाट बघत बसली होती, काही ऑर्डर केलं नव्हतं, एकाने बाथरूम वापरू का विचारलं तर नाही म्हणाले, आणि काही मिनिटांत मॅनेजरने पोलिसांना फोन केला. दोघांना बेड्या घालून नेलं. मग कंपनीने माफी मागितली, २९ मे २०१८ ला अमेरिकेतली आठ हजारांवर दुकानं दुपारनंतर बंद ठेवून सगळ्या स्टाफला ट्रेनिंग दिलं, आणि काहीही न घेता बसायला सगळ्यांना मुभा दिली. ती मुभा पण जानेवारी २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेत काढून घेतली.

आता मला सांगा, कपावर दोन शब्द लिहायला लावण्याऐवजी 'काही न घेता बसलेल्या माणसाशी कसं वागायचं आणि पोलिसांना कधी बोलवायचं' एवढा एक पानाचा नियम २०१५ मध्येच सगळ्या दुकानांत लावला असता तर काय झालं असतं? कुणाला कळलंही नसतं. बातमी आली नसती, कौतुक झालं नसतं. पण ती दोन माणसं आपली मीटिंग करून घरी गेली असती. माझं सगळं म्हणणं याच्यात आलं. जे तुमच्या हातात होतं ते केलं नाहीत आणि जे तुमचं कामच नव्हतं त्याचा गाजावाजा केलात.

आणि हे एकट्या स्टारबक्सचं नाही. अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची हत्या झाली, त्यानंतर २ जून २०२० ला, मंगळवार होता, इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकायची लाट आली. मूळ कल्पना संगीतक्षेत्रात काम करणाऱ्या दोन कृष्णवर्णीय बायकांची होती, एक दिवस नेहमीचा धंदा थांबवून विचार करा अशी. तुम्ही काय केलंत, काळा चौकोन टाकलात आणि खाली 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या चळवळीचा हॅशटॅग लावलात. तुम्ही लावलात, तुमचं बघून आणखी लाखो लोकांनी लावला. परिणाम असा झाला की त्या हॅशटॅगवर लोक आंदोलनाची माहिती, मदत कुठे मिळेल, पोलीस कुठे आहेत हे शोधत होते आणि त्यांना दिसत होते फक्त काळे चौकोन. शेवटी कार्यकर्त्यांनाच हात जोडून सांगावं लागलं की बाबांनो, हा हॅशटॅग काढा, कामाची माहिती खाली दबतेय. भूमिका घेतल्याचं समाधान तुम्हाला आणि भुर्दंड त्यांना.

त्याच आठवड्यात बेन अँड जेरीज या आइस्क्रीमच्या ब्रँडने गोऱ्या वर्चस्वाच्या विरोधात अत्यंत कडक शब्दांत निवेदन काढलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. शब्द चांगले होते, मला पटणारे होते. पण हा ब्रँड २००० सालापासून युनिलिव्हरच्या मालकीचा होता, आणि त्याच युनिलिव्हरची भारतातली कंपनी १९७५ पासून फेअर अँड लव्हली विकत होती. म्हणजे एका हाताने गोरेपणाचं वर्चस्व मोडा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने सावळ्या मुलीला ट्यूब द्यायची की गोरी हो म्हणजे नोकरी लागेल, लग्न जमेल. त्या जाहिराती बघत आमच्या पिढ्या मोठ्या झाल्यात, किती जणींनी आरशासमोर स्वतःला नावं ठेवली असतील त्याचा हिशोब कुणाकडेच नाही. जून २०२० च्या शेवटी कंपनीने नावातला 'फेअर' काढायचं जाहीर केलं आणि त्याचं ग्लो अँड लव्हली झालं. नाव बदललं हे बरंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण पंचेचाळीस वर्षं जे विकलं त्याबद्दल त्या ट्यूबच्या मालकाने एक सरळ माफी मागितली असती तर त्या आइस्क्रीमवाल्या निवेदनापेक्षा मला ती शंभरपट मोठी वाटली असती, कारण ती त्यांच्या स्वतःच्या करणीबद्दल असती.

दुसरी गोष्ट, तुम्ही टिकत नाही. वारा फिरला की तुम्ही पाठ फिरवता, आणि ज्याच्या नावाने भूमिका घेतलेली असते तो माणूस उघड्यावर पडतो. एप्रिल २०२३ मध्ये बड लाइट या अमेरिकी बिअरने डिलन मल्वेनी या ट्रान्स इन्फ्लुएन्सरला तिच्या चेहऱ्याचा एक कॅन पाठवला, तिने एक छोटा व्हिडिओ टाकला, आणि मग जे काहूर उठलं ते सगळ्यांना माहितीये. कंपनीने दोन आठवड्यांनी निवेदन काढलं, त्यात तिच्या बाजूने एक शब्द नाही आणि बहिष्कार टाकणाऱ्यांना स्पष्ट उत्तरही नाही. मग जूनमध्ये तिने स्वतः व्हिडिओ करून सांगितलं की कंपनीने तिच्याशी एकदाही संपर्क साधला नाही, तिला घराबाहेर पडायची भीती वाटत होती. ट्रान्स माणसाला कामाला घेऊन नंतर त्याच्या पाठीशी उभं न राहणं हे मुळात न घेण्यापेक्षा वाईट, असं ती म्हणाली, आणि मला तिचं शंभर टक्के पटतं. शेवटी वर्षानुवर्षं अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी ती बिअर पहिल्या नंबरावरून खाली आली, चिडलेले परत आले नाहीत आणि ज्यांच्यासाठी म्हणून केलं होतं तेही दुखावले.

टार्गेट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या साखळीची पण तीच कथा. कंपनीचं मुख्यालय मिनियापोलिसमध्ये, जिथे फ्लॉइड यांची हत्या झाली त्याच शहरात. २०२० नंतर कृष्णवर्णीय उद्योजकांसाठी मोठमोठे आकडे जाहीर केले, मग २०२३ च्या मे महिन्यात प्राइडचा, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या हक्कांसाठी जूनमध्ये साजरा होणाऱ्या महिन्याचा, माल काही दुकानांतून हटवला कारण तो मांडणाऱ्या दुकानातल्या स्टाफला धमक्या यायला लागल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये राजकीय हवा बदलली तशी ती समानतेची उद्दिष्टंही गुंडाळली. २०२३ मध्ये एका बाजूने बहिष्कार झाला होता, २०२५ मध्ये दुसऱ्या बाजूने. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने आंतरधर्मीय कुटुंबाची जाहिरात मागे घेतली, तेव्हाही कारण काय दिलं तर कर्मचारी, पार्टनर आणि दुकानातल्या स्टाफची सुरक्षितता. कारण खरंच होतं. मला त्या जाहिरातीत आक्षेपार्ह काही दिसलं नव्हतं, धमक्या देणारे चूकच होते. पण मला हे विचारायचंय की जाहिरात पास करताना त्या मीटिंगमध्ये दुकानात उभा राहणारा एक तरी माणूस होता का? उंटावरून शेळ्या हाकायच्या तुम्ही आणि दगड खायचे काउंटरवरच्यांनी.

हे मी नुसतं वाचून बोलत नाहीये. मध्ये आमचं वॉशिंग मशीन बिघडलं, कंपनीचा टेक्निशियन आला, पन्नाशीचा शांत माणूस. कंपनीचं नाव घेत नाही. त्याच्या शर्टाच्या खिशावर एक गोल बॅज होता, रंगीत, त्यावर कंपनीच्या त्या वर्षीच्या समानतेच्या मोहिमेचं घोषवाक्य. मी सहज विचारलं हे काय आहे, तर तो एकदम सावध झाला, म्हणाला मॅडम ते घालावंच लागतं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा असतो सकाळी. मग ड्रम खोलता खोलता मोकळा झाला. एका घरी त्या बॅजवरून एका गृहस्थांनी त्याला दारातच अर्धा तास सुनावलं होतं आणि रेटिंग कमी दिलं होतं. रेटिंग कमी म्हणजे त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. दुसऱ्या एका घरी उलटं, तिथल्या मुलीने त्याला विचारलं की तुम्ही स्वतः हे मानता का नुसता बॅज लावता, आणि त्याला काय बोलावं सुचेना. कंपनीने त्या घोषवाक्याचा अर्थ त्याला कधी नीट सांगितलाच नव्हता. पगार फेरीवर, पेट्रोल स्वतःचं, आजारी पडला की तेवढे पैसे बुडाले. समानतेचा बॅज छातीवर लावून फिरणाऱ्या त्या माणसाला कंपनीच्या आत कायम कामगाराचा दर्जासुद्धा नव्हता, तो कुठल्यातरी एजन्सीचा होता. जाताना मला म्हणाला, मॅडम, रेटिंग तेवढं बघा.

मी त्याला पाच स्टार दिले आणि कंपनीला मेल लिहिला की तुमच्या माणसाच्या छातीवरून तुमचा बॅज काढा आणि त्याला पेट्रोलचे पैसे द्या. उत्तर आलं. त्यात मोहिमेची लिंक होती.

म्हणून म्हणते, तुमच्या चार भिंतींच्या आत बघा आधी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून ही सवय तुम्हाला लागलीये. ब्रिटनमध्ये २०१७ पासून कायदा आहे की अडीचशे किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी बायका आणि पुरुषांच्या पगारातला फरक दरवर्षी जाहीर करायचा. मग कुणीतरी ट्विटरवर एक साधा बॉट बनवला. ८ मार्चला कंपनीने महिला दिनाची पोस्ट टाकली की बॉट त्याच पोस्टखाली त्याच कंपनीचा सरकारदरबारी नोंदवलेला आकडा टाकायचा, की या संस्थेत बायकांचा तासाचा मध्यक पगार (म्हणजे बरोबर मधल्या बाईचा) मधल्या पुरुषाच्या, म्हणजे पुरुषांपेक्षा इतके टक्के कमी आहे. ना शिवी, ना टोमणा, नुसता आकडा. २०२२ च्या महिला दिनी कित्येकांनी आपल्या शुभेच्छाच डिलीट केल्या. पगार नाही सुधारला त्या दिवशी, पोस्ट काढली. तुमचा स्वतःचाच आकडा तुमच्या शेजारी ठेवला तर तुम्हाला जे वाक्य मिटवावंसं वाटतं ते वाक्य मुळात बोलूच नका ना.

नाइकीचं पण सांगायला पाहिजे, कारण त्यांच्या जाहिराती बघून माझ्याही डोळ्यात पाणी आलंय. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी महिला खेळाडूंवर अशी जाहिरात केली की बाईला वेडी म्हणा, ती करून दाखवेल. तीनच महिन्यांनी, मे २०१९ मध्ये, धावपटू अलिसिया मोंटानो हिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये उघड केलं की गरोदर राहिलं की स्पॉन्सर पैसे कापतात, नाइकीसकट. पाठोपाठ अ‍ॅलिसन फेलिक्स बोलली, तेव्हा सहा ऑलिम्पिक सुवर्णपदकं असलेली बाई, की मूल होण्याच्या काळात नवीन कराराचं बोलणं चालू होतं तेव्हा आधीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम सांगितली. ऑगस्टमध्ये नाइकीने नियम बदलला, गरोदरपणात आणि नंतर मिळून अठरा महिने पैसे कापणार नाही असं मान्य केलं. बघा, खरा न्याय कुठे झाला? करारातल्या एका कलमात. आणि तो कुणामुळे झाला, दोन-तीन बायकांनी आपलं करिअर पणाला लावून तोंड उघडलं म्हणून, जाहिरातीमुळे नाही.

असे करार, असे काउंटर, अशा किंमतींच्या चिठ्ठ्या तुमच्या प्रत्येकाकडे आहेत. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ मध्ये जवळजवळ आठशे वस्तू तपासल्या तेव्हा बायकांसाठी म्हणून विकलेला माल पुरुषांच्या तशाच मालापेक्षा सरासरी ७ टक्के महाग निघाला, पर्सनल केअरमध्ये तर १३ टक्के. तोच साबण, तेच रेझर, रंग गुलाबी. स्त्री-पुरुष समानतेवर बोलायची एवढी हौस असेल तर ते लेबल बदला, कुणाचीही परवानगी लागत नाही त्याला. अमेरिकेत एका अंध ग्राहकाने २०१६ मध्ये डॉमिनोजवर केस केली की तुमची वेबसाइट आणि अ‍ॅप स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालत नाही, मला ऑर्डर देता येत नाही. कंपनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, कोर्टाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐकूनच घ्यायला नकार दिला, तोवर तीन वर्षं गेली होती. न्याय इतका जवळ असतो तुमच्या, एका बटणाच्या नावाइतका.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते सांगते. बाजार ही अशी जागा आहे जिथे एकमेकांशी अजिबात न पटणारी माणसं एका रांगेत उभी राहतात. माझ्या पुढच्या माणसाचं मत काय, तो कुणाला मत देतो, कुठल्या देवाला मानतो, मला माहीत नसतं आणि त्याची गरजही नसते. त्याच्या ट्रॉलीत जो टूथपेस्ट तोच माझ्या ट्रॉलीत. कधी सुटे कमी पडले तर तो देतो, कधी मी त्याच्या लेकराला पुढे जाऊ देते. घरात भांडणं आहेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत, टीव्हीवर तर रोज आहेत, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा आता लोक आधी बाजू ठरवून येतात. अशा वेळी एक साधी तटस्थ जागा उरली होती आणि तुम्ही तीही वाटून टाकायला निघालाय. हा बूट आमच्या विचाराचा, तो रेझर त्यांच्या विचाराचा, ही कॉफी घेतली म्हणजे तू कोण, ती बिअर घेतली म्हणजे तू कोण. कुणी बूट जाळतोय, कुणी कॅनवर गोळ्या झाडतोय, आणि बाकीचे मुकाट्याने विचार करतायत की हे उचललं तर शेजारी काय म्हणेल. मला टूथपेस्ट घेताना मतदान करायचं नाहीये हो. मतदान करायला मी मतदानाच्या दिवशी जाते, ज्या कामावर विश्वास आहे तिथे माझे पैसे आणि वेळ देते, भांडायचं तिथे माझ्या नावाने भांडते. ते माझं मी करते. तुमच्या ब्रँडच्या मागे उभं राहून नाही.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर असतं की गप्प राहणं म्हणजे अन्यायाला साथ देणं. हे माणसाला लागू आहे, मला मान्य आहे. कंपनीला पण लागू आहे, पण तिथे, जिथे तिचा स्वतःचा हात आहे. पोलरॉइडची गोष्ट तुम्हाला ऐकवते. १९७० मध्ये त्या कंपनीतल्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोघा कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं की दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना सक्तीने बाळगावं लागणारं पासबुक, ज्याशिवाय त्यांना स्वतःच्याच देशात फिरता येत नव्हतं, त्यातले फोटो पोलरॉइडच्या यंत्रणेवर निघतायत. दोघांनी आवाज उठवला, माल देणं बंद करा म्हणाले. कंपनीने जानेवारी १९७१ मध्ये वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, आम्ही वर्णभेदाच्या विरोधात आहोत, तिथे एक प्रयोग करून बघतोय वगैरे. आणि हंटरबाईंना नोकरीवरून काढलं. माल जात राहिला. १९७७ मध्ये बातमी फुटली की तिथला डिस्ट्रिब्युटर गुपचूप सरकारलाच फिल्म पुरवतोय, तेव्हा कुठे कंपनी बाहेर पडली. म्हणजे पानभर भूमिका जाहीर करूनसुद्धा सहा वर्षं ते फोटो निघतच होते. ज्या दिवशी फिल्म थांबली त्या दिवशी पोलरॉइडने जे केलं ती भूमिका. त्याच्या आधीचं सगळं कागद.

त्याच १९७७ मध्ये लिऑन सलिव्हन या पाद्रीबुवांनी, जे जनरल मोटर्सच्या बोर्डावर होते, दक्षिण आफ्रिकेतल्या अमेरिकी कंपन्यांसाठी नियम घालून दिले. काय होते ते? जेवायची जागा एक, कामाची जागा एक, सारख्या कामाला सारखा पगार, वरच्या जागांवर कृष्णवर्णीय माणसं. सगळं कारखान्याच्या आतलं, मोजता येईल असं. दहा वर्षांनी त्यांनी स्वतःच सांगितलं की एवढं पुरलं नाही, आता कंपन्यांनी तिथून निघावं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो, कारण आधी कृती मागितली आणि ती कमी पडली तर आणखी मोठी कृती मागितली. आत्ताच्या काळातलं बघायचं तर जून २०२० मध्ये सगळे काळे चौकोन टाकत असताना आयबीएमने सांगितलं की चेहरा ओळखायचं सर्वसाधारण सॉफ्टवेअर आम्ही यापुढे विकणार नाही, कारण त्याने पाळत आणि वंशावरून भेदभाव होतो. ते त्यांचं प्रॉडक्ट होतं. बोलायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि बोलले ते विकणं थांबवून बोलले.

तर मी कंपन्यांनी फक्त नफा बघावा असं म्हणणाऱ्यांतली नाही. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये तसं लिहिलं होतं, व्यवसायाची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणं, आणि मला ते अजिबात पटत नाही. नदीत पाणी सोडता ते कसलं, तुमच्या सप्लायरकडे लहान पोरं कामाला आहेत का, बाईला रात्रपाळीला घरी सोडायला गाडी आहे का, तक्रार करणाऱ्याची बदली होते का, ही सगळी जबाबदारी तुमचीच आहे आणि त्यावर तुम्ही रोज बोला, आम्ही ऐकू, प्रश्नही विचारू. पण जगातल्या प्रत्येक दुःखावर तुमचा लोगो लावून मत द्यायला तुम्हाला कुणी निवडून दिलेलं नाहीये. माझं एक मत आणि माझ्या कामवाल्या ताईंचं एक मत, सारखंच वजन. तुमच्याकडे जाहिरातीचं बजेट आहे, जे शेवटी आमच्याच बिलातून येतं, आणि त्या पैशाने तुम्ही एकच मत लाखो स्क्रीनवर उमटवता. आज ते मत मला आवडतं. उद्या दुसरा मालक येईल, दुसरं सरकार येईल, त्याच पैशाने उलटं मत उमटेल. टार्गेटचं झालंच ना. म्हणून ही ताकदच तुम्ही वापरू नये, माझ्या बाजूनेसुद्धा.

काही जण म्हणतील की आमच्याच कर्मचाऱ्यांचा आग्रह असतो. असेल. पण हाताखाली काही हजार माणसं असतील तर ती सगळी एका मताची कशी असतील, आणि ज्याचं पटत नाही तो ऑफिसमध्ये टाळ्या वाजवतो आणि गप्प बसतो, हे तुम्हालाही माहितीये. त्यांनी आपापल्या नावाने मोर्चाला जावं, सही करावी, लिहावं, आणि त्यासाठी त्यांची नोकरी जाणार नाही एवढं तुम्ही बघा. हंटरबाईंचं जे झालं ते परत कुणाचं होऊ नये, हे मात्र खरंच तुमच्या हातात आहे.

तेव्हा पुढच्या ८ मार्चला शुभेच्छांचं पोस्टर करू नका. त्याऐवजी तुमच्या कंपनीत बाईला आणि पुरुषाला सारख्या कामाचे किती मिळतात तो आकडा टाका, वाईट असला तरी टाका, आणि पुढच्या वर्षी तो किती होणार ते लिहा. जूनमध्ये, प्राइडच्या महिन्यात, लोगो इंद्रधनुष्यासारखा रंगवू नका, त्यातून तुमच्या काही देशांतल्या पेजवर रंगवायचा आणि जिथे धंद्याला धोका आहे तिथल्या पेजवर तसाच ठेवायचा हे तर नकोच. कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला मेडिक्लेममध्ये घेता का ते सांगा. एजन्सीकडून घेतलेल्या माणसांना आजारपणाची रजा आहे का ते सांगा. अ‍ॅप अंध माणसाला चालतं का ते एखाद्या अंध माणसालाच वापरायला देऊन बघा. आणि दारात येणाऱ्या तुमच्या माणसाच्या शर्टावर त्याचं नाव असू द्या, तेवढं पुरे आहे.

या पत्राला पीआर डिपार्टमेंटकडून ठरावीक उत्तर नको. यातल्या एका जरी प्रश्नाचं उत्तर असेल तर पेरोल बघणाऱ्या माणसाला लिहायला सांगा, मी वाट बघतेय.

आपली,
एक ग्राहक